नाथसागर शून्य टक्क्यांवर असताना

वारकरी नावाचा एक पक्षी आहे. अंगाने काळाकुट्ट, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. चांदवा असंही त्याचं नाव आहे आणि इंग्रजी पुस्तकात तो कूट म्हणून सापडतो. पण पैठणला त्याला वारकरीच म्हणावं! एकनाथ महाराजांचं गाव, जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं नाव नाथसागर, आणि त्या पाण्यावर दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने काळे वारकरी. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला माणसांतले वारकरी येतात, तोवर पाण्यावरच्या बऱ्याच पाहुण्यांची परतीची तयारी सुरू झालेली असते.

या वारकऱ्यांवर (आणि त्यांच्या शेजाऱ्यांवर) लिहायचं कारण म्हणजे नाथसागरावरचा तरंगता सौर प्रकल्प. ऑफिसच्या कॉलवर काम संपलं की आमच्याकडे गप्पा सुरू होतात. मी छावणीतल्या घरून काम करतो, बाकीची टीम पुण्यात. परवा एक जण म्हणाला, "तुमच्याकडे सोलरलासुद्धा विरोध करतात म्हणे! मग वीज काय हवेतून काढायची?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्यावर दोन मिनिटांत जे उत्तर देता आलं असतं ते एक तर "विकास हवा" झालं असतं किंवा "पक्षी वाचवा". मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणायचंय, आणि त्याला शनिवारची सकाळ लागते.

आधीच सांगून टाकतो, मी सौरऊर्जेच्या बाजूचा आहे. मराठवाड्यात ऊन हेच एक पीक कधी बुडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाथसागरावर काही उभं करायचं असेल तर त्याचं गणित धरण भरलेलं असताना मांडू नका, शून्य टक्क्यांवर असताना मांडा. का, ते जरा सविस्तर.

जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये केली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. धरणाची भिंत सुमारे 10 किलोमीटर लांब. पूर्ण भरलं की साठा 2,909 दशलक्ष घनमीटर, म्हणजे पेपरच्या भाषेत सुमारे 102 टीएमसी, आणि पाण्याचा पसारा साधारण 350 चौरस किलोमीटर. आता कॅल्क्युलेटर घ्या. साठ्याला क्षेत्रफळाने भागा. सरासरी खोली येते सव्वाआठ मीटरच्या आसपास! एवढं अवाढव्य धरण, पण दुमजली घर धड बुडणार नाही इतकंच सरासरी पाणी. कारण सोपं आहे. कोयनेसारखी इथे डोंगरातली खोल दरी नाही. गोदावरीचं सपाट खोरं आहे. एखाद्या परातीत पाणी ओतावं तसं ते पसरलंय.

सिंचनवाल्या इंजिनिअरच्या दृष्टीने ही परात म्हणजे डोकेदुखी. पसारा जास्त, खोली कमी, म्हणजे बाष्पीभवन भरपूर. पण पक्ष्यांच्या दृष्टीने हीच परात म्हणजे पंगत आहे.

ती पंगत कशी मांडली जाते ते बघण्यासारखं आहे. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण जास्तीत जास्त भरतं. मग रब्बीची आवर्तनं सुरू होतात, कालव्यांना पाणी सुटतं, शहरं-कारखाने पाणी उचलत राहतात, आणि काठ मागे सरकायला लागतो. उतार इतका मंद आहे की पातळी थोडी खाली गेली की जमिनीचा मोठा पट्टा उघडा पडतो. मऊ चिखल, त्यात किडे, गोगलगायी, पाणवनस्पतींचे कंद आणि बिया. आणि नेमका हाच हंगाम उत्तरेकडून पक्षी उतरण्याचा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, मध्य आशियातून येणारी तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक. पाणी दर आठवड्याला नवं ताट वाढत मागे जातं आणि पक्षी त्याच्या मागोमाग.

या पंगतीत बसण्याची जागा पायांच्या लांबीवर ठरते. अगदी कडेला, ओल्या चिखलात टिलवे धावत असतात. घोटाभर पाण्यात लाल पायांचा शेकाट्या. त्याच्या पुढे मालगुजा, मग चमचा आणि चित्रबलाक. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, लांब पायांवर आणखी आत जाऊन चोच उलटी करून पाणी गाळत असतो. थापट्या आणि तलवार बदक पोहतात खरे, पण खाण्यासाठी शेपटी वर करून मान खाली घालतात, त्यामुळे त्यांनाही तळ मानेच्या अंतरावर लागतो. वारकरी बुडी मारू शकतो, पण त्यालाही पाणवनस्पती हव्यात, आणि त्या ऊन तळापर्यंत पोचेल तिथेच वाढतात. थोडक्यात, या मंडळींपैकी बहुतेकांना जलाशयाच्या मध्यभागाशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचा नाथसागर म्हणजे काठ. रोज जागा बदलणारा काठ. कोकणात हे काम भरती-ओहोटी दिवसातून दोनदा करते. आमच्या कोरड्या मुलखात समुद्र नाही, म्हणून ते वर्षातून एकदा होतं, आणि ते पाटबंधारे खात्याच्या आवर्तनावर चालतं!

1986 मध्ये सरकारने हा जलाशय पक्षी अभयारण्य जाहीर केला. क्षेत्र 341 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. त्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2017 मध्ये जाहीर झालं.

इथे एक हुकमी आक्षेप येतो. "अरे, धरण माणसाने बांधलं. नैसर्गिक तळं थोडंच आहे? पक्षी नंतर आले, त्यांचा कसला हक्क?" याला उत्तर म्हणून मी गोदावरीनेच वर जाईन, नाशिक जिल्ह्यात. नांदूर मधमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बांधला. त्यात गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती आल्या, पक्षी आले. इंजिनिअरच्या हिशेबात ते गाळाने निकामी होत चाललेलं बांधकाम होतं. तेच 2019 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जागा कोणी तयार केली यापेक्षा आज तिथे कोण जगतंय हे महत्त्वाचं असतं. शिवाय नदीकाठची जी डबकी, जे वाळूचे पट्टे, जे ओढे पूर्वी पक्ष्यांचे होते ते आपण बुजवले, उपसले. म्हणून ते या मोठ्या पाण्याकडे येतात. त्यांना ही पर्यायी जागा आपणच दिली आहे.

आता सौर प्रकल्प. टीएचडीसी इंडिया या सरकारी कंपनीने जायकवाडीवर तरंगत्या सौर पॅनेलसाठी निविदा काढली. धरणावर मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या पंचायत समितीने त्याला राष्ट्रीय हरित लवादात आव्हान दिलं. 2024 मध्ये लवादाने अर्ज फेटाळला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला, आणि प्रत्येक प्रकल्प असा अडवला तर देश पुढे कसा जाणार, या अर्थाचा प्रश्न विचारला. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची बाजू अशी होती की संवेदनशील क्षेत्राच्या 2017 च्या अधिसूचनेतच नवीकरणीय ऊर्जेला प्रोत्साहन द्यावं असं लिहिलेलं आहे. कागद म्हणून हे बरोबर आहे. कायद्याचा प्रश्न न्यायालयाने सोडवला. इंजिनिअरिंगचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

प्रकल्पाच्या बाजूचे मुद्देही मोकळेपणाने मांडतो. पाण्यावर पॅनेल टाकले तर कोणाची शेतजमीन जात नाही. ज्या भागात धरणासाठी आधीच गावंच्या गावं उठली, तिथे हा मुद्दा लहान नाही. दुसरं बाष्पीभवन. कडक उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर एका चौरस किलोमीटरवरून दिवसाला 80 लाख लिटर होतं. पॅनेलने त्यातलं अर्धं वाचवलं तरी, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी आलं की गल्लीत दिवाळी असते, त्या शहरातल्या माणसाने त्याला नाक मुरडू नये. तिसरं, पाण्याजवळ पॅनेल थोडे थंड राहतात आणि वीज थोडी जास्त मिळते. हे सगळं खरं आहे.

मग जागा किती लागेल? तेलंगणातल्या रामगुंडमला एनटीपीसीचा 100 मेगावॉटचा तरंगता प्रकल्प सुमारे 500 एकर पाण्यावर आहे. म्हणजे मेगावॉटला 5 एकर. हिशेबासाठी 1,000 मेगावॉट धरले तर 5,000 एकर, म्हणजे 20 चौरस किलोमीटर. साडेतीनशेतले वीस, सहा टक्क्यांच्याही आत. सादरीकरणातल्या स्लाइडवर हा आकडा किती निरुपद्रवी दिसतो! "फक्त सहा टक्के."

पण हा आकडा भरलेल्या धरणाचा आहे. आपल्या धंद्यात एखादी वेबसाइट मंगळवारच्या दुपारी किती लोक झेलते यावर कोणी सही करत नाही. दिवाळीच्या सेलच्या रात्री काय होतं ते विचारतात. नाथसागराची ती रात्र म्हणजे दुष्काळाचं वर्ष. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यांत धरणाचा उपयुक्त साठा संपला आणि पाणी मृतसाठ्यात गेलं. बातम्यांत "जायकवाडी शून्य टक्के" म्हणतात ते हेच. तेव्हाही धरण कोरडं नसतं. 738 दशलक्ष घनमीटर मृतसाठ्याची सोय आहे. पण पसारा आकसलेला असतो.

आता बघा. तरंगते पॅनेल चिखलात टेकले तर मोडतात, म्हणून ते दुष्काळातही पाणी राहील अशाच जागी बांधावे लागतात. भिंतीच्या जवळ, गोदावरीच्या जुन्या पात्राच्या आसपास. एरवी ही चांगली बातमी आहे, कारण तिथे चांगल्या वर्षी टिलवे आणि रोहित नसतात. पण शून्य टक्क्यांच्या वर्षी मासे तिथेच गोळा होतात, त्यांच्यामागे कहार-भोयांच्या होड्या तिथेच जातात, शहराचे पंप तिथूनच पाणी ओढतात, आणि मागे सरकत आलेला पक्ष्यांचा काठही तिथेच येऊन ठेपतो. जलाशय एक तृतीयांशावर आला तर स्लाइडवरचे सहा टक्के अठरा झालेले असतात, आणि तेही सगळ्यांना हव्या असलेल्या जागी. संघर्ष व्हायचा तर तो त्या वर्षी होईल. म्हणून हिशेब त्या वर्षाचा मागायचा.

दुसरी गोष्ट पॅनेलची नाहीच, तारांची आहे. पॅनेल खोल पाण्यात गेले तरी वीज काठावरूनच बाहेर येणार. वाहिन्या, उपकेंद्र, रस्ते, दिवे, सगळं नेमकं त्या उथळ पट्ट्यात. थरच्या वाळवंटात सुमारे 4,200 चौरस किलोमीटरच्या टापूत विजेच्या तारांना धडकून वर्षाला अंदाजे 84 हजार पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. तिथल्या माळढोकांचा हा सर्वात मोठा शत्रू ठरला. रोहित तर रात्रीचाही मोठा प्रवास करतो. मे 2024 मध्ये मुंबईत उतरणाऱ्या विमानाची धडक बसून घाटकोपरला तीसहून जास्त रोहित मरून पडले होते. एवढा मोठा पक्षी ऐन वेळी वळू शकत नाही. त्यामुळे काठावरच्या वाहिन्या जमिनीखालून न्या, ही मागणी मला पॅनेलच्या क्षेत्रफळाइतकीच महत्त्वाची वाटते. खर्च वाढेल. पण तो प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरायचा असतो, मागाहून पक्ष्यांच्या नावावर टाकायचा नसतो.

बरं, म्हणून "अभयारण्य आहे, कोणी पाऊल टाकू नका" असं म्हणावं का? महाराष्ट्राने हाही प्रयोग केला आहे. 1979 मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य झालं. क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर! त्यात शेतं आली, गावं आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या आणि लोकांच्या डोक्यात माळढोक म्हणजे कटकट असं पक्कं बसलं. शेवटी क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. एवढं होऊन आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर ती बातमी होते. नकाशावर मोठं वर्तुळ काढलं की पक्षी वाचत नाहीत. त्या वर्तुळातल्या माणसाला पक्षी परवडला पाहिजे.

नाथसागराच्या काठावर ही माणसं दोन. एक मासेमारी करणारा, ज्याच्या होडीची वाट पॅनेलच्या बेटांनी अडू शकते. दुसरा गाळपेर करणारा, म्हणजे पाणी मागे गेल्यावर उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू पेरणारा. काही शेतकऱ्यांची धरणात गेलेली जमीनच दरवर्षी अशी वर येते. तिथे फवारणी जास्त झाली तर विष पाण्यात उतरतं. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात उतरला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं. या दोघांना बाजूला ठेवून केलेलं संरक्षण माळढोकाच्या वाटेने जाईल. सौर प्रकल्पाविरुद्ध लवादात गेले ते कहार होते, हे विसरून चालणार नाही. पक्षीमित्रांची दुर्बीण आणि त्यांचं जाळं या वेळी एकाच बाजूला आहे.

आणि आपण शहरवाले? आपण या गोष्टीत प्रेक्षक नाही. खाम नदी हर्सूलच्या बाजूने येते, छावणीच्या लोखंडी पुलाखालून जाते, वाळूजकडे वळते आणि पुढे नाथसागराच्या फुगवट्यात गोदावरीला मिळते. नाथसागराचं पाणी पाइपातून आपल्या नळाला येतं, आणि आपलं सांडपाणी खामेतून नाथसागराला परत जातं. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी मंडळींनी खामचं काम हाती घेतलं. शहरातले काठ स्वच्छ झाले, तिथे लोक फिरायला यायला लागले. हे काम शहराच्या हद्दीत न थांबता पार फुगवट्यापर्यंत गेलं पाहिजे. वारकरी ज्या पाण्यात बुड्या मारतो तेच आपण पितो, एवढं स्वार्थी कारण पुरेसं आहे.

तर माझ्या मागण्या, इंजिनिअरी भाषेत. एक, काम सुरू होण्याआधी किमान एक पूर्ण हिवाळा सोनेवाडी, पिंपळवाडीसारख्या ठरलेल्या ठिकाणी दर पंधरवड्याला पक्षी मोजा आणि आकडे सगळ्यांना दिसतील असे ठेवा. दोन, धरणाच्या वेगवेगळ्या पातळ्यांना, मृतसाठ्यासकट, पॅनेल, होड्यांच्या वाटा आणि उथळ काठ कुठे असतील याचे नकाशे प्रसिद्ध करा. तीन, उथळ पट्ट्यात काहीही तरंगवू नका आणि काठावरच्या वाहिन्या जमिनीखालून न्या. चार, आधी लहान टप्पा उभारा, दोन-तीन हंगाम बघा, मग पुढचा. सगळं एकदम प्रॉडक्शनवर टाकून सोमवारी काय होतं ते बघू, हा आपल्या धंद्यातलाही वेडेपणाच समजतात. पाच, वाळूज, शेंद्रा आणि बिडकीनच्या कारखान्यांची छपरं मोजा. तिथे ना मासे आहेत ना पक्षी, वीज जिथे लागते तिथेच तयार होते, आणि ऊन तेवढंच पडतं.

यातली पहिली मागणी सरकारने ऐकली नाही तरी आपण सुरू करू शकतो. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, 1987 पासून. ई-बर्डवर यादी टाकायला फोन पुरतो. पैठण छावणीपासून पन्नासेक किलोमीटर आहे, गाडीने तास-सव्वा तास. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा पगार आकड्यांची साफसफाई करण्यावर चालतो. उद्या कोणी "इथे तर पक्षी नव्हतेच" म्हणालं तर आपल्याकडे तारखेनिशी यादी असली पाहिजे. आणि जायचंच असेल तर धरण भरल्याची बातमी वाचून गर्दीत दरवाजे बघायला जाऊ नका. पाणी मागे हटायला लागलं की जा.